दोन डबे, एक फिका

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं वजन कमी होवो न होवो, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या हिंगणघाटच्या ‘काटा कंपनी’त तर त्यांना तोटाच नाही. पोस्टातून रिटायर होऊन मी या कंपनीत शिरलो तेव्हा शहाण्णव किलोचा होतो. एकोणऐंशीवर आलो आणि पुन्हा एक्क्याण्णववर गेलो. बारा किलो परत आले, माणूस मात्र एक कमी झालं.

काटा कंपनी म्हणजे रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जाणारे पाच जण. दिवाकरभाऊ कापसाच्या जिनिंगमधला काटेवाला, राजूभाऊचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, शेंडे मॅडम रिटायर मुख्याध्यापिका, शिवाय मी आणि माझी बायको मंदा. रविवारी जिनिंग थंड असली की दिवाकरभाऊ आम्हाला मालाच्या काट्यावर उभं करायचा. नियम एकच. ज्याचं वजन वाढलं त्याने पुढच्या रविवारी जितके किलो तितक्या काकड्या आणायच्या, आणि त्या सगळ्यांनी मीठ न लावता खायच्या!

*

माल मोजला की पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा होतं. हे राजूभाऊला पाठ. एका रविवारी त्याचं दीड किलो वाढलेलं निघालं.

“दिवाकरभाऊ, बारदान वजा करा नं!” म्हणत त्याने आधी चपला काढल्या. मग किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल, बेल्ट. काटा काही हलेना. त्याने शर्टाच्या बटनाला हात घातला तशा शेंडे मॅडम शाळेतल्या आवाजात ओरडल्या, “राजू, तिथंच थांब! आता आत जे हाये तो सारा मालच हाये!”

पुढच्या रविवारी तो दोन काकड्या घेऊन आला. अर्धी परत मागत होता.

*

थंडीत राजूभाऊच्या शेतावर रोडग्यांचा बेत ठरला. “चालत जाऊ, चालत येऊ. खाल्लेलं तिथल्या तिथं जिरते,” हे त्याचं गणित. सहा किलोमीटर चालत गेलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार! मंदाने माझ्या पत्रावळीवर हात आडवा धरला. “यायले एकच द्या. मोजून!” तिची पाठ वळली की राजूभाऊ मला दुसरा वाढायचा. असे तीन झाले.

परत चालायचं नावच कोणी काढेना. शेवटी एक मालवाहू ऑटो थांबवला आणि सगळे मागे बसलो. गाडी जिनिंगसमोर आली. मी उतरायला पाय टाकला, तर दिवाकरभाऊ म्हणाला, “उतरता कायले? भरल्या गाडीसकट मोठ्या काट्यावर घेतो, मंग रिकामी गाडी मोजून वजा करतो!” मंदा इतकी हसली, की तिला ठसका लागला. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मंदा आजारी पडली. सावंगीच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. स्वयंपाक तिला होईना, मला येईना. गल्लीतल्या कुंदाताईकडून दोन डबे लावले. मंदाला तिखट सोसत नव्हतं, म्हणून तिच्या डब्यात फिकी भाजी. पोळ्या दोघांना तीन-तीन.

पावसाळा संपता संपता मंदा गेली. मुलगा हैदराबादहून आला, पंधरा दिवस राहिला, “बाबा, चला तिकडं” म्हणाला आणि मी नाही म्हटल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता दारात दोन डबे आले.

एक बंद करायला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण ‘आता एकच पाठवा’ हे तोंडातून निघेना. अन्न टाकवत नाही, म्हणून तिचाही डबा मीच खायचो. आधी माझा, मग टीव्ही लावून तिचा. शेजारी कोणी नाही, पत्रावळीवर हात आडवा धरणारं कोणी नाही. जेवताना आपला चावण्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, त्यासारखं वाईट काही नाही.

*

काटा कंपनी मी टाळायला लागलो. पण घरात तरी किती बसणार? रोज सकाळी पायात बूट चढवून मागच्या गल्लीने निघायचो आणि पोह्याच्या गाडीवर थांबायचो. एक दिवस राजूभाऊने तिथेच पकडलं. माझ्या हातात प्लेट, पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा!

“वसंतभाऊ, बूट तं चालाचे दिसून राह्यले!”

“चालूनच आलो ना,” मी म्हटलं.

“कुठून?”

“घरून.”

माझं घर गाडीवरून दिसत होतं. तो हसला नाही. त्यानेही एक प्लेट सांगितली आणि माझ्याजवळ उभा राहून खाल्ली. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

*

पुढच्या रविवारी तिघेही दारात हजर. कोणी उपदेश केला नाही. शेंडे मॅडम एवढंच म्हणाल्या, “चला, चप्पल घाला.”

काट्यावर उभा राहिलो. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मंदा माझा हात धरून काट्यावर चढली होती आणि दिवाकरभाऊ म्हणाला होता, “वहिनी, जोडीनं मोजता येत नाई!” या वेळी एकटाच होतो. एक्क्याण्णव. राजूभाऊ सवयीने बोलून गेला, “बारदान वजा करा ना याचं.”

“काय वजा करता?” मी म्हटलं. “मंदाचा डबा अजून येऊन राह्यला. मीच खातो.”

दिवाकरभाऊ खाली बघत काट्यावरची धूळ पुसत होता. शेवटी शेंडे मॅडमनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम. पुढच्या रविवारी बारा काकड्या. अन् कवळ्या आणजा!”

*

घरी येताना वाटेतच कुंदाताईच्या दारात थांबलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

“कुंदाताई, उद्यापासून एकच डबा.”

ती कणीक मळत होती. हात थांबले. “बरं, भाऊ.”

“तुले तं माहीत होतं. तेरवीले तू आलीच होती. मंग तूच काऊन नाई बंद केला?”

“तुमी सांगतल्याबिगर वहिनीचा डबा मी कशी बंद करू, भाऊ? दर रोज तिच्यासाठी थोडी भाजी तिखट टाकाच्या आधी बाजूले काढून ठेवत होती.”

मी निघालो. पायऱ्या उतरलो तेव्हा तिने मागून विचारलं, “भाऊ, एकच डबा म्हणता, तं मंग भाजी कोणती टाकू? तुमची तिखट का वहिनीची फिकी?”

मी म्हटलं, “फिकी.”