पूलमास्तर अलीकडेच थांबले

भूगोलाच्या मास्तरांना सगळं शहर पूलमास्तर म्हणायचं. मास्तरांना तो किताब वाटायचा. त्यांच्या बायकोला ती थट्टा वाटायची, आणि थट्टा तरी किती सौम्य करतात लोक, असं तिचं मत होतं.

ती नदीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी निस्तरून घरी यावं, तर चपला काढायच्या आत मास्तरांचं सुरू व्हायचं. घाटातला जुना दगडी पूल आणि त्याच्या चुन्यात कालवलेला गूळ, रेल्वेचा लोखंडी पूल, दरीवरचा झुलता पूल, खाडीवरचा नवा, तारांनी तोललेला. देशातला एकही नामांकित पूल त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. नवी सून घरात आली, तर तिला पाणी विचारायच्या आधी यांनी कमान आणि तुळई यांतला फरक विचारला. व्याह्यांनी तब्येतीचं निमित्त काढून येणंच बंद केलं.

सुट्टी लागली की लोक समुद्रावर जात. हे बिऱ्हाड पुलाखाली जाई. मास्तर कॅमेरा घेऊन काठावर उतरायचे आणि पुलाची उंची कळावी म्हणून बायकोला खांबाशेजारी चिखलात उभी करायचे. फोटोत ती मुंगीएवढी दिसे आणि ओळखूही येत नसे. मग ती मुलांना घेऊन पूल ओलांडायची, पलीकडे चहा पिऊन परत यायची. मास्तर खालीच. ‘पूल बाजूनं बघायचा असतो. पुलावर उभं राहून पूल दिसतो का कधी?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शहाणपणाचा असा आव आणलेला माणूस तिनं मोठ्या डॉक्टरांतही पाहिला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी देशातल्या पुलांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. मागे हनुवटीला हात लावलेला स्वतःचा फोटो. पुढे शहरातच नदीवर तारांचा नवा पूल झाला, तेव्हा नगरपालिकेनं पूलतज्ज्ञ म्हणून त्यांना उद्घाटनाला बोलावलं: सर्वांत पुढे तुम्ही चालायचं, मागून नागरिक, आणि पलीकडे तुमचं भाषण. हातात माइक आणि समोर पळता न येणारी माणसं. बायकोला त्या माणसांची कीव आली.

सकाळी दोघं निघाले, बऱ्याच अंतरावर मागून लोक. जिथे काठ संपून पूल सुरू होतो, तिथे सांध्याला बोटभर फट होती आणि तिच्यातून खालचं पाणी दिसत होतं. मास्तर थांबले. आता या फटीवर प्रवचन होणार म्हणून तिनं मान फिरवली. प्रवचन आलं नाही. वळून बघते तर मास्तर कठड्याला चिकटलेले, चेहरा पांढराफटक. तिनं सवयीनं मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी धावत होती.

‘छातीत दुखतंय का?’

‘नाही. तू हो पुढं. माझा जरा गुडघा—’

‘गुडघ्याला घाम येत नाही.’

मास्तर फटीकडे बघत हळूच म्हणाले, ‘मला पुलावर चालता येत नाही. लहानपणापासून.’

‘आणि ते सगळे पूल?’

‘खालून बघितले. गाडीतून जाताना डोळे मिटून घ्यायचो.’

तिला आधी चिखल आठवला, मग डास. आणि मग आठवला तिचा निरोपसमारंभ. तो पलीकडे दवाखान्यात होता, आणि तिथं लांबच्या जुन्या पुलावरून चालतच जावं लागे. सगळ्यांचे नवरे आले, हे पोट बिघडलं म्हणून घरी लोळत राहिले. बेडपॅन उचलणाऱ्या बायकोची लाज वाटते, असं तिनं तेव्हा मनाशी धरलं आणि आजवर धरून ठेवलं. म्हणजे ती लाज नव्हती, नुसती भीती होती. यातलं कुठलं बरं, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

‘मागे जा आणि बाकावर बसा,’ ती म्हणाली, आणि एकटीच लोकांच्या पुढे चालू लागली.

पलीकडे मास्तर कुठे म्हणून चौकशी झाली. खरं सांगायला वाक्य एक पुरलं असतं आणि शहर जन्मभर हसलं असतं. तिनं सांगितलं, त्यांना बरं वाटत नाही, त्यांच्या वतीनं मी बोलते. मग माइक घेऊन म्हणाली की पूल चांगला झालाय, दवाखान्याचा वळसा वाचेल, ऊन वाढतंय, घरी चला. टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, ‘मधोमध कसं वाटतं?’ तिनं त्यांना दुसऱ्यांदा विचारायला लावलं.

‘वारा असतो. आणि पायाखाली जरासं हलतं.’

‘हलतं’ म्हटल्याबरोबर मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ती पोट धरून हसली, आणि ते हसू काही मायेचं नव्हतं.

मास्तरांची व्याख्यानं काही थांबली नाहीत. असली माणसं सुधारत नसतात. एखादा पाहुणा मध्येच विचारतो, या पुलावरून तुम्ही चालत गेला असाल ना? मास्तर बायकोकडे बघतात.

‘गेलेत की. सगळीकडे गेलेत,’ ती म्हणते, आणि तोंड वाकडं करून आत निघून जाते.