शिल्लक तांदूळ

टाळेबंदीच्या वर्षी शाळा बंद झाल्या आणि सरकारच्या लक्षात आलं की शिक्षक नावाचा प्राणी घरी बसून पगार घेतोय. हे कुठल्याच सरकारला सहन होण्यासारखं नव्हतं. मग कुणाला नाक्यावर गाड्या अडवायला उभं केलं, कुणाला घरोघर ताप मोजायला धाडलं आणि मला नवीन पनवेलमधल्या एका रेशन दुकानात टेबल-खुर्ची देऊन बसवलं. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईला तांदळातलं काय कळतं, हा प्रश्न मला सोडून कुणालाच पडला नाही.

मंदी अशी होती की आमच्या भागातली निम्मी दुकानं शटर वर करायलाच विसरली होती. टीव्हीवर मदतीच्या पॅकेजचा आकडा जाहीर झाला, तेव्हा त्यात शून्यं किती यावर आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. गणिताच्या सरांनीसुद्धा शेवटी माघार घेतली. त्या सगळ्या शून्यांतून गळत गळत माझ्या टेबलापर्यंत जे आलं, ते म्हणजे तांदळाची आणि हरभऱ्याची काही पोती. ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही अशा गरजूंसाठी ती होती. माणशी पाच किलो तांदूळ, घरटी किलोभर हरभरा.

गरजू ओळखायचा कसा, याचा फॉर्म आला होता. नाव, आधार, घरात माणसं किती, आणि मग खरा प्रश्न: रेशनकार्ड आहे का? ‘नाही’ म्हटलं की तांदूळ. ‘आहे’ म्हटलं की घरी. पुरवठ्याच्या साहेबांनी मला बजावलं होतं, “मॅडम, कार्ड असलेला माणूस या यादीत दिसला तर जबाबदारी तुमची.” मी मान डोलावली. जबाबदारी म्हटलं की आम्हा शिक्षकांची मान आपोआप डोलते.

आता आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं. ते जासईला कंटेनरच्या एका कंपनीत हिशेबनीस होते आणि खिशाला कायम दोन पेनं लावायचे, एक निळं, एक लाल. लाल पेन आमच्यासाठी असायचं. मी गॅलरीबाहेर ओले कपडे वाळत घातले म्हणून त्यांनी मला लेखी नोटीस दिली होती, आणि तिच्यातल्या ‘सौंदर्यास बाधा’ या शब्दांखाली लाल रेघ मारली होती.

मंदीच्या काही वर्षं आधी सुधारणांची लाट आली होती. सधन लोकांनी स्वेच्छेने रेशनचा हक्क सोडावा, असं आवाहन होतं. सेक्रेटरींनी ते फारच मनावर घेतलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी छोटंसं भाषण केलं, “आपण घेणारे नाही, देणारे आहोत,” आणि सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. आम्ही टाळ्या वाजवल्या, जिलेबी खाल्ली आणि केशरी कार्डं देऊन धान्य न मिळणारी पांढरी घेतली. तसंही त्या रेशनचा तांदूळ आमच्यापैकी कुणी आणत नव्हतं. जे नको होतं ते सोडून त्यागाचं पुण्य मिळालं, असा सौदा रोज थोडाच मिळतो.

टाळेबंदी लागली आणि त्यांच्या कंपनीने महिन्याभरात माणसं कमी केली. इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची गाडी तीन महिने ‘सर्व्हिसिंगला’ गेली होती. लिटरभर दुधाच्या जागी अर्धा लिटरची पिशवी दिसू लागली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी दूध कमी करायला सांगितलंय. चौघांनाही एकदम सांगितलं असावं.

एका दुपारी दुकानासमोर खडूने आखलेल्या गोलांत रांग उभी होती. एक टोपीवाले गृहस्थ पुढे सरकत सरकत टेबलापाशी आले. मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला होता, पण खिशाला निळं आणि लाल पेन.

“मॅडम, आम्ही चौघं आहोत,” ते हळू आवाजात म्हणाले.

मला सगळं माहीत होतं. त्यांचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी काही न विचारता रकान्यात ‘नाही’ लिहिलं असतं, तर त्या दिवशी त्यांच्या घरी वीस किलो तांदूळ गेला असता. पण खरं सांगते, त्या क्षणी मला ती कपड्यांची नोटीस आठवली. मी वर्गात प्रश्न विचारते तशा खणखणीत आवाजात विचारलं, “रेशनकार्ड आहे का?”

त्यांनी टोपी आणखी पुढे ओढली. त्यांच्या मागच्या गोलात उरणकडच्या गावातली एक बाई उभी होती. मघाशी रांगेत शिरतानाच तिने मला स्वतःचं कार्ड ‘नाय’ म्हणून अगदी शांतपणे सांगून ठेवलं होतं, आणि ते गावाला सासूच्या पेटीत आहे हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती पुढे वाकून म्हणाली, “दादा, नाय म्हना. आमी काय बोलनार नाय.”

“नाही कसं म्हणू, ताई? आहे ना,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “आहे, मॅडम. पांढरं.”

मी रकान्यात ‘आहे’ लिहिलं. त्यांनी कापडी पिशवी घडी करून काखेत घेतली आणि जाता जाता मागच्या बाईला सांगितलं, “गोलात उभ्या राहा.” रिकाम्या हाताने जातानाही सेक्रेटरीपण सुटत नाही माणसाचं.

पांढऱ्याचं पुन्हा केशरी करायला त्यांनी रीतसर अर्ज केला. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता, तोही मागच्या वर्षीचा. मागच्या वर्षी ते व्यवस्थित जेवत होते. यंदाची उपासमार मार्च संपल्यावरच कागदावर येणार होती, तोवर त्यांनी दम धरायचा होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कुणी भुकेल्या पोटी केलेली नसावी.

आपल्या घरातलं थोडं धान्य त्यांच्याकडे द्यावं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, “त्यांना वाईट वाटेल.” मला ते लगेच पटलं. आमच्या मध्यमवर्गात माणूस उपाशी राहिला तरी चालतं, त्याला वाईट वाटता कामा नये.

वाटप संपलं तेव्हा माझ्या दुकानात साडेतीन पोती उरली. मी घाबरत साहेबांना कळवलं, तर ते खूश झाले. शिल्लक याचा अर्थ गरजू कमी, आणि गरजू कमी याचा अर्थ योजना यशस्वी. तांदूळ गोदामात परत गेला. पुढे त्याचं काय झालं ते तिथल्या उंदरांना विचारायला हवं. मला मात्र प्रशस्तिपत्र मिळालं.

सेक्रेटरींना नंतर जासईलाच एका कंटेनर यार्डाच्या गेटवर ट्रकचे नंबर लिहायचं काम मिळालं. केशरी कार्ड आलं, तेव्हा त्यांना तिथे दोन महिने होऊन गेले होते. आता पगार आहे म्हणून ते कार्ड परत करायला निघाले होते. वहिनींनी ते लपवून ठेवलं.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर इमारतीतर्फे माझा सत्कार ठरला. पुष्पगुच्छ अर्थातच सेक्रेटरींच्या हातून. गेटवरच्या नोकरीचा निळा शर्ट अंगावर होता, दुपारी ड्यूटी होती. खिशाला दोन्ही पेनं होती. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “आमच्या मॅडमनी नियमाबाहेर एक दाणा जाऊ दिला नाही. मी स्वतः पाहिलंय.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. टोमणा असता तर मला फार बरं वाटलं असतं. पण ते मनापासून बोलत होते, आणि टाळ्या वाजवायला सुरुवातही त्यांनीच केली.