घरचा नंबर

हिवाळ्यात नया बाजारात ताज्या गजकचा, त्या तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, वास आला की आजही माझं डोकं फिरतं. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा दादाने लग्नाच्या साइटवर माझं खातं उघडलं आणि "घरचा नंबर चार लोकांत कशाला?" म्हणून इंटरनेटवरचा एक फुकटचा, तात्पुरता नंबर दिला. त्या नंबरवर येणारा ओटीपी कुणालाही वाचता येत होता. तो वापरून कुणीतरी माझ्या खात्यात शिरलं, हे आम्हाला कळलंच नाही. मग एक मुलगा आईबरोबर मला बघायला आला. त्यांनी आणलेला गजकचा डबा टेबलावर उघडा होता, मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते, आणि तेवढ्यात मुलाच्या फोनवर त्या साइटवरून माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट घाणेरडा मेसेज आला. त्याच्या आईने तो वाचला, डब्याला झाकण लावलं आणि डबा परत पिशवीत टाकला. "बस हो गया, चल ऊठ." ते गेल्यावर आईने मलाच विचारलं, "तू लिहिलंस हे?" माझ्या दोन्ही हातांत अजून तो ट्रे होता! नंबर कुठून आणला ते दादाला माहीत होतं, पण त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. आपल्या घरचा नंबर कुठे फुटला नाही, हे मात्र तो आजही छाती फुगवून सांगतो.