सहा दिवसांची सरळ रेघ

अमावास्येला सांगलीत हळदीचा सौदा निघत नाही. हे इथल्या हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या सॉफ्टवेअरला.

मी तेव्हा मार्केट यार्डाजवळच्या एका लहानशा कंपनीत कामाला होतो. फोनवर भावांचे आलेख दाखवणारं ॲप आम्ही चालवायचो. मुख्य शेअरचे, जोडीला हळद-गुळाचे. शेअरचा डेटा स्वस्तातला, पंधरा मिनिटं शिळा. तसं लिहिलेलंही होतं, पण चष्मा लावूनही दिसू नये अशा बारीक करड्या अक्षरांत. हळदीचा भाव आम्ही यार्डात फोन करून मिळवायचो. सौदा नसला की त्या दिवसाची जागा रिकामी राहायची, आणि मालकांना ती खपत नसे. "भोक दिसलं की गिऱ्हाईक फोन करतंय. कालचाच भाव टाक पुढं," ते म्हणाले. त्यासाठीचा कोड मीच लिहिला. लिहितानाही शिसारी आली होती, पण पगाराच्या दिवशी ती जायची.

एका अमावास्येपुरतं खोटं कुणाच्या अंगाला लागलं नाही. मग एकदा हमाल आणि व्यापाऱ्यांचं तोलाईवरून, म्हणजे माल तोलण्याच्या मजुरीवरून, बिनसलं आणि सौदे सलग सहा दिवस बंद पडले. आमच्या आलेखावर मात्र सहाही दिवस तोच भाव, सरळ रेघ.

कराडजवळच्या गावी माझे मामा राहतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची हळद शिजवून, वाळवून घरात पोत्यांत पडली होती. ती विकली की मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं, असं ठरलेलं. मामांच्या फोनमध्ये ते ॲप मीच टाकून दिलं होतं, तेही मोठ्या तोऱ्यात.

बंदच्या पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. "तासगावचा एक व्यापारी दारात आलाय. म्हणतोय, बाकीकडं भाव पडलाय, दोन दिसांत सांगलीतबी पडंल. कमी भावानं मागतोय. तुझी रेघ तर हलली न्हाई. खरी हाय न्हवं रं?"

मालक समोरच्या खुर्चीत दात कोरत बसले होते.

"व्हय मामा," मी म्हणालो. सौदाच बंद आहे, एवढंच सांगायचं होतं, तेच राहिलं.

"मग झालं. आमी फौजेत नकाशा बघून डोंगर चढायचो. रेघ हाय म्हंजे कुणीतरी तिथं जाऊन आलेला असतोय."

सौदे उघडले आणि भाव त्या व्यापाऱ्यानं सांगितला होता त्याच्याही खाली गेला. मामीचं ऑपरेशन पुढच्या वर्षीच्या हळदीवर गेलं. ऑफिसात मालक खुशीत होते. भाव कोसळला म्हणून जो तो ॲप उघडून बसला होता, म्हणून मालकांनी ऑफिसात सगळ्यांना वडे मागवले. मला त्या माणसाची किळस आली. वडा मीही खाल्ला.

रविवारी गावी गेलो आणि मामांना सगळं सांगितलं. बंद, रिकामी जागा, कालचा भाव, समोर बसलेले मालक.

"म्हंजे त्यो तासगावचा माणूस खरं बोलत हुता," ते शेवटी म्हणाले.

"व्हय."

"त्याला मी चोर म्हणून हाकलला. चार माणसांदेखत."

ते फोन घेऊन अंगणात गेले. त्यांचा आवाज आत येत होता. "आवं, चुकलं आमचं. तुमी खरं सांगत हुतासा." तेच त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण माझ्याशी ते त्या दिवशी पुढे बोललेच नाहीत.

मामी आतून चहा घेऊन आली. उंबऱ्यापाशी तिनं कप खाली ठेवला, भिंतीला धरून स्वतः खाली बसली, बसल्या बसल्याच अलीकडे सरकली आणि मग कप उचलून माझ्यापुढे धरला. "घे बाबा, गार हुतोय," म्हणाली.

मी उठून पुढे व्हायला हवं होतं. बसूनच राहिलो, आणि हात तेवढा पुढे केला.