गाडीला बरं वाटावं म्हणून

हैदराबादच्या बेगम बाजारात बायकोनं एका दुकानदाराच्या पोत्यातली एक लाल मिरची मोडली, बिया तळहातावर घेतल्या आणि म्हणाली, ही गेल्या सालची आहे. दुकानदार शपथा घ्यायला लागला. तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दुकानातून मिरची घेतली, चिंच घेतली आणि दोन्ही पोती मला उचलायला लावली. वर म्हणाली, सावकाश, कंबर मोडली तर ती काही इथं किलोवर मिळत नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम म्हणावं तर ते शेवटचं.

ऐन उन्हाळा होता. गाडी आमची नवीच, आठ माणसं बसतील अशी. पूर्वी साध्या स्कूटरला नंबर लावून बसावं लागायचं. मग बाजार खुला झाला, नव्या कंपन्या आल्या, आणि माझ्यासारख्या विद्यानगरच्या किराणावाल्याच्या दारातसुद्धा अशी गाडी उभी राहिली. वर्ष झालं नाही तोच ती तापायला लागली. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये गॅस्केट म्हणून पातळ पत्रा असतो, तो जळायचा. माझ्या एकट्याचा नाही. ही गाडी ज्यानं घेतली त्याची हीच रड. रोज सकाळी कंपनीच्या वर्कशॉपसमोर आमची रांग. आतला साहेब सगळ्यांना एकच सांगायचा, तुम्ही लोक पाणी बघत नाही. इंजिन खोलायचा खर्च ऐकून माणसं गपगुमान घरी जायची.

इंजिनाचा ताप दाखवणारा काटा चढला की काय करायचं, त्याचा उपाय रांगेतल्याच एका मालकानं मला सांगितला होता. "चाचा, काटा लाल पे गया तो हीटर फुल खोल दो." हैदराबादेत हीटर कशाला लागतो म्हणून तो आणि मी हसलो होतो. पण इंजिनाची आग त्यानं आत ओढली जाते, बसणाऱ्याच्या अंगावर येते आणि गाडी थोडी जास्त चालते.

घरी परतताना कोठी भागात काटा चढला. तेवढ्यात ती म्हणाली, जबडा दुखतोय. मिरचीनं असंल, मी म्हणलं. मग तिनं छातीवर हात दाबून धरला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. ऑटो करू म्हणलं तर नको म्हणाली, माल कोण बघंल. हिमायतनगरचा दवाखाना काही फार लांब नव्हता. इंजिन बंद केलं तर परत सुरू होणार नाही, हे मला ठाऊक होतं. चालू ठेवलं तर कुठं जाम होईल, ते ठाऊक नव्हतं. मी हीटर खोलला.

भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आली.

"अहो, ही गरम हवा कशाला?"

"गाडीला बरं वाटावं म्हणून."

"आणि मला?"

ती हसली की कळ आली तिला, मला समजलं नाही. काट्याकडं बघायची भीती, तिच्याकडं बघायची त्याहून भीती. नारायणगुड्याच्या चौकात बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली आणि इंजिन जागच्या जागी बसलं. लोकांनी तिला उचलून ऑटोत घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी बोलत होतो, ती बोलत नव्हती.

डॉक्टरनं नाडी बघितली आणि हात खाली ठेवला. जरा आधी आणली असती तर वाचली असती का, मी विचारलं. सांगता येत नाही म्हणाला. हो नाहीतर नाही, काहीतरी म्हणायला पाहिजे होतं त्यानं. दिवस मावळायच्या आत तिला अग्नी दिला.

सकाळी उठलो तर सुतकात बाहेर पडू नका म्हणून लेक दारात उभा राहिला. त्याला बाजूला सारलं आणि अनवाणीच वर्कशॉपला गेलो. रांग लागलेलीच होती. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर एक म्हातारी पाय वर घेऊन बसलेली. मी काचेवर हात मारला आणि तिच्या लेकाला सांगितलं, "काल माझी बायको असल्याच गाडीत गेली. आईला उतरव. ऑटोनं घरी ने."

माझा अवतार बघून तो आधी बिचकला. मग उतरला आणि मागचं दार उघडलं. आतला साहेब धावत बाहेर आला, चाचा आत चला, बसा, थंड काहीतरी घ्या म्हणाला. मी रांगेतल्या दुसऱ्या गाडीच्या काचेवर हात मारला.