सुभेदार आणि दुसऱ्यांच्या कमरा

सुभेदारांना दुसऱ्याच्या कमरेचा भारी लळा. पाटणजवळच्या आमच्या गावात एसटीतून कुणी जरा वाकडं उतरलं, की हे थांब्यावरच्या बाकावरून हाक मारणार, "ये हिकडं, वाक बगू." फौजेत अँब्युलन्स चालवली, एवढ्या भांडवलावर हा माणूस स्वतःला निम्मा डॉक्टर समजायचा. उरलेला निम्मा त्याने का सोडला, याचंच मला नवल वाटे.

निकाल कायम एकच. "मनक्याला सुरी लावली की मानूस संपला. पडायचं, शेकायचं." शेकायला विटा मात्र स्वतः तापवून आणत, हे कबूल करायला हवं. बहुतेक कमरा महिन्या-दीड महिन्यात आपोआप बऱ्या होतात. त्याचं श्रेय हे बिनदिक्कत घेत.

माझ्या वडिलांची, आबांची कमर धरली, कळ पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाई. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "नुसतं दुखतंय तोवर थांबू. पायातला जोर कमी झाला तर त्याच दिवशी या." तिसऱ्या आठवड्यात कळ थांबली, आणि आबांची डावी चप्पल चालता चालता निसटायला लागली. त्यांना ते कळायचंही नाही. मी गाडी बोलावली. सुभेदार आडवे आले.

"आरं, दुकायचं थांबलं न्हवं? मग बरं झालं की गड्या! आता कशाला कापून घेतोस?"

आबांना तेच ऐकायचं होतं. मीही मूर्खासारखी गाडी परत पाठवली. दहा दिवसांनी मिरजेला पोचलो तेव्हा पाऊल उचलतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "शीर मरायला लागली म्हणून दुखणं थांबलं होतं." ऑपरेशन झालं, पाऊल लुळंच राहिलं.

गेल्या वर्षी कोयनेच्या घाटात सुभेदारांची स्वतःची कमर धरली. सुरीचा हा वैरी दुसऱ्याच दिवशी मीच बोलावलेल्या गाडीतून मिरजेला गेला आणि डॉक्टरांपुढे ढसाढसा रडला, "कापा सायेब, पन मोकळं करा!" डॉक्टरांनी पाय तपासले. जोर शाबूत होता. "नुसत्या दुखण्यासाठी कापत नाही, आजोबा. व्यायाम करा."

महिन्याभरात गडी पुन्हा बाकावर. "डॉक्टरबी माजंच म्हनला, आपरेशन नगं!" मला त्यांची शिसारी आली. उभ्या जन्मात त्यांना उलटून न बोललेले आबा शेजारी बसले होते.

"आवं सुभेदार," ते म्हणाले, "तुमची चप्पल पायात ऱ्हात हुती. माजी न्हाई."

सुभेदार त्या दिवशी लवकर घरी गेले. आजही ते बाकावरून हाका मारतात. पण कमरेआधी पायाकडे बघतात आणि विचारतात, "चप्पल ऱ्हाती का रं पायात? न्हाईतर आत्ताच्या आत्ता मिरज गाठ." एवढं शिकायला त्यांना माझ्या बापाचं पाऊल लागलं.