बाळाविना बाळंतपण

फानोरीच्या दुकानात येणाऱ्या बायकांची मागणी एकच असते: फाहा आणखी घट्ट कर. चरबी उपसायची शस्त्रक्रिया झाली की अंग आवळून धरायला हा कपडा घालावा लागतो, छातीखालपासून थेट गुडघ्यापर्यंत, पुढे हुकांच्या दोन रांगा. काली नावाच्या या शहरात तो शिवणाऱ्या ढिगाने आहेत, पण फानोरीची शिवण अंगाला टोचत नाही अशी ख्याती होती. ख्याती होती म्हणून तिचं कोणी ऐकत होतं असं मात्र नाही.

घट्ट म्हणजे बारीक नव्हे, हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडायची. कापडाला वळी पडली की तिथली कातडी काळवंडते, रक्त अडतं, आत गाठी धरतात. बायका माना डोलवायच्या आणि समोरच्या दुकानातून एक माप लहान घेऊन यायच्या. काहींना वाटायचं, चरबी उपसली की वजन उतरलं. "वजन उतरवायचं तर ताटाकडे बघ, डॉक्टरकडे कशाला जातेस?" असं ती तोंडावर म्हणायची. काही तर केस रंगवणाऱ्या बाईच्या मागच्या खोलीत, कुठल्याशा स्वस्तातल्या माणसाकडून पोट उपसून घ्यायला निघायच्या. त्यांना ती फाहाच शिवून द्यायची नाही. नवरा हयात असताना म्हणायचा, तू गिऱ्हाइकं हाकलायचं दुकान काढलंयस.

आणि मग तिच्याच मुलीने, युलिएतने, हट्ट धरला. पोरगी मोबाइलच्या दुकानात कामाला, अंगाने चांगली, पण कमरेवरच्या एका वळीपायी आरशासमोर रडायची. फानोरी वर्षभर नाही म्हणाली. शेवटी हरली, पण अटी घालून. डॉक्टरचं शिक्षण तिने स्वतः जाऊन पडताळलं, दवाखान्यात अतिदक्षता विभाग आहे ना ते बघितलं, पोरीच्या सिगारेटी बंद केल्या, रक्ताच्या तपासण्या झाल्याशिवाय तारीख घेऊ दिली नाही. डॉक्टरने दोघींना बसवून सांगितलं होतं: सूज उतरायला महिने लागतील, सैल कातडी आपोआप आवळणार नाही, खाणं सुटलं तर चरबी दुसरीकडे धरेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याच दिवसापासून घरात थोडं थोडं चालायचं.

शस्त्रक्रिया नीट झाली. बिघडलं ते घरी आल्यावर, कारण घरात एर्मेलिंदा आली.

एर्मेलिंदा म्हणजे फानोरीची आई. डोंगरातल्या गावाहून दोन जिवंत कोंबड्या काखोटीला मारून बसने आली. तिने स्वतः आठ बाळंतपणं काढलेली, गावातल्या निम्म्या बायकांची केलेली. नातीच्या पोटावरच्या पट्ट्या बघून तिने एकदाच विचारलं, "पोट उघडलंय ना?" आणि पुढे कोणाचं काही ऐकायची तिला गरज वाटली नाही. पोट उघडलं म्हणजे बाळंतीण. बाळ नसलं म्हणून काय झालं? खिडक्या बंद झाल्या. पोरीच्या कानात कापूस गेला, डोक्याला फडकं बसलं. सकाळी कोंबडीचा रस्सा, दुपारी कोंबडीचा रस्सा, मध्ये दालचिनी घातलेलं गुळाचं गरम पाणी. आणि सव्वा महिना पाय जमिनीला लावायचा नाही.

"आई, तिला चालायचंय," फानोरी म्हणाली.

"युलीच्या वेळी तुला मी चालवलं होतं का? निजवलं म्हणून धड आहेस."

ऑक्टोबर सरत आलेला. डिसेंबरच्या जत्रेत नाचायचं म्हणून अर्धं शहर याच दिवसांत शस्त्रक्रिया उरकून घेतं, त्यामुळे फानोरीचं मशीन सकाळपासून थांबत नव्हतं. ती पुढच्या दुकानातून ओरडून विचारायची, "युली, चाललीस का?" मागच्या खोलीतून हो यायचं. कधी पोरीचं, बहुतेक वेळा म्हातारीचं. त्या होकारावर तिचा विश्वास बसत नव्हता, पण उठून बघायचं तर दारात चार बायका उभ्या. ती मशीनवर राग काढायची, सुया तुटायच्या.

सूज थोडी उतरली की फाहा आत घ्यावा लागतो. त्या मापासाठी ती एका दुपारी टेप घेऊन मागे गेली. खोलीत दमट उकाडा, उकळलेल्या पाल्याचा वास. एर्मेलिंदा पलंगाच्या पायथ्याशी बसून नातीची डावी पोटरी कोमट तेलाने रगडत होती. पोरीला गोळा आलाय, म्हणाली, कालपासून दुखतंय.

फानोरीने दोन्ही पोटऱ्यांना टेप लावला. डावी उघड जाड होती, आणि हाताला तापलेली लागली.

"आई, हात काढ."

"अगं, मोकळा होतोय गोळा."

"हात काढ म्हणते ना."

डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, चोळू नका, थांबू नका, आत्ता घेऊन या. टॅक्सीत म्हातारी पुढे बसली; मागे युलिएत आईच्या खांद्याला डोकं टेकून पुटपुटली की आजी जवळ बसायची ते फार छान वाटत होतं, म्हणून ती उठलीच नाही. फानोरीला तिला थोबाडावं आणि पोटाशी धरावं असं एकदमच वाटलं. तिने पोटाशी धरलं.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर पुढे बोलायला काही उरलं नसतं, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. झोपून राहिल्याने हे होतं, त्यात चोळणं म्हणजे तर कहरच. हे सांगितलं फानोरीला, दाराआड. बाहेर बाकावर एर्मेलिंदा माळ ओढत बसली होती, चेहरा मातीसारखा. तिने विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

फानोरीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. त्या म्हाताऱ्या हातांकडे बघून तिने ते गिळलं. "नाही आई. कुणाकुणाचं रक्तच तसं असतं."

तेवढं एक वाक्य, आणि त्याने तिच्या नाकी नऊ आणले. युलिएत घरी आली, पोटात इंजेक्शनं घेऊ लागली, अंगणात फेऱ्या मारू लागली. एर्मेलिंदाच्या जिवात जीव आला आणि तिची जीभ सुटली. गल्लीत तिने सांगितलं की पोरगी मरणाच्या दारातून परत आली ती अंगात रश्श्याचं बळ होतं म्हणून. फानोरी ऐकायची, दात आवळायची, मशीन चालवायची. आपल्याच तोंडाने खोटं बोललो, आता ओरडायचं कोणाच्या नावाने?

मग आम्पारो आली. दोन गल्ल्या पलीकडची, कपडे इस्त्रीला घेणारी. तिच्या मुलीची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात होती. फाह्याचं माप लिहून झालं तशी ती जरा लाजत म्हणाली, "फानोरीबाई, तुमच्या आईला आमच्याकडे पाठवाल का? नातीला त्यांनीच वाचवलं म्हणतात. माझी पोरगी तर आतापासूनच म्हणतेय, मी सव्वा महिना उठायची नाही."

एर्मेलिंदा दारातच मटार सोलत बसली होती. ती खुलली. म्हणाली, जाईन की, त्यात काय.

फानोरीने टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. आता नाही बोललं तर त्या पोरीची पोटरी मोजायला कोणी नसेल. आणि बोलावं तर समोर आई.

"आम्पारो, पाठवणार नाही. युलिएत मरायला टेकली ती झोपून राहिली म्हणून. रक्त गोठलं पायात. वर तो पाय चोळला गेला." मग ती आईकडे वळली. तिचा आवाज चढला होता, तो तिला खाली आणता येईना. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, आई. चुकलंच होतं."

मटार सोलणारे हात थांबले. आम्पारो पर्स चाचपत उभी राहिली. अंगणात युलिएत फेऱ्या मारत होती, तीही थांबली आणि आत यायला धजेना.

एर्मेलिंदा उठायला लागली, गुडघे धरून, सावकाश. फानोरीला वाटलं, आता बोचकं बांधेल आणि गावाला निघेल. म्हातारी आम्पारोसमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले होते, ते तिने पुसले नाहीत.

"तुझ्या पोरीला निजवू नकोस गं," ती म्हणाली. "मी निजवलं होतं."